'बॅटरी १००%' म्हणणारा सेन्सर दुसऱ्या दिवशी मुका का होतो

प्रश्न थोडक्यात असा: फ्लॅटच्या दाराला चार पेन्सिल सेलवर चालणारं डिजिटल लॉक आहे. दारं-खिडक्यांना झिगबीचे, म्हणजे कमी विजेवर चालणाऱ्या वायरलेस जोडणीचे पाच सेन्सर आहेत, त्यांतल्या तिघांत सीआर२०३२ बटण सेल आणि दोघांत ट्रिपल ए. सगळं होम असिस्टंटला, म्हणजे घरातली स्मार्ट उपकरणं एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरला जोडलेलं आहे. एक सेन्सर १०० टक्के दाखवता दाखवता बंद पडला. दुसरा दोन महिने ० टक्के दाखवतोय आणि मजेत चालतोय. लॉकमध्ये रिचार्जेबल सेल घातल्या दिवसापासून ते 'बॅटरी लो' म्हणून ओरडतंय. मग अलर्टवर भरवसा ठेवायचा कसा?

तिन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. सेलमध्ये किती जीव उरलाय हे उपकरणाला कळत नाही. त्याला कळतं फक्त व्होल्टेज. त्यावरून टक्के काढताना आत अमुकच जातीचा सेल आहे असं ते धरून चालतं. जात बदलली की टक्के खोटे ठरतात.

आधी जाती बघू, कारण दुकानात 'पेन्सिल सेल द्या' म्हटलं की समोर येईल तो घेतला जातो. सेलच्या अंगावर बारीक अक्षरांत कोड असतो. एलआर६ म्हणजे अल्कलाइन डबल ए, एलआर०३ म्हणजे अल्कलाइन ट्रिपल ए. नुसतं आर६ किंवा आर०३ असेल तर तो साधा झिंक-कार्बन. एचआर६ म्हणजे निकेल-मेटल हायड्राइड, म्हणजे नेहमीचा रिचार्जेबल. एफआर६ म्हणजे एकदाच वापरायचा लिथियम. आणि पाकिटावर 'हेवी ड्यूटी' लिहिलेला सेल दणकट नसतो. ते झिंक-कार्बनचंच जुनं विक्रीचं नाव आहे. भिंतीवरच्या घड्याळाला तो चालतो, लॉकला नाही.

अल्कलाइन सेल नवा असताना १.६ व्होल्टच्या आसपास असतो आणि वापराबरोबर उतरत उतरत ०.९-१.० वर संपतो. हा उतार बऱ्यापैकी सरळ असल्यामुळे व्होल्टेजवरून टक्के काढणं इथे जमतं, आणि बहुतेक कंपन्या हाच सेल डोळ्यांसमोर ठेवून आकडे बसवतात. निकेल-मेटल हायड्राइडचं तसं नाही. चार्जरमधून काढल्यावर १.४, थोड्याच वेळात १.२५, आणि मग आयुष्याचा मोठा भाग १.२ च्या आसपास एका पातळीवर. शेवटी एकदम खाली.

आता लॉकचं गणित करा. चार सेल एकापाठोपाठ, अल्कलाइनचे ६ व्होल्ट. अशा पुष्कळ लॉकच्या माहितीपत्रकात कमी बॅटरीचा इशारा ४.८ व्होल्टला असतो. तुमच्या चार रिचार्जेबल सेलचं रोजचं व्होल्टेजच चार गुणिले १.२, म्हणजे ४.८. लॉक पहिल्या दिवसापासून ओरडणारच. ते खोटं बोलत नाही, त्याला वेगळ्या सेलचा हिशोब शिकवलेला आहे. सेटिंगमध्ये बॅटरीचा प्रकार निवडायची सोय असेल तर निवडा, नसेल तर लॉकमध्ये अल्कलाइनच घाला. रिचार्जेबल घालून ओरड्याकडे दुर्लक्ष करायची सवय लागली, तर खरा इशाराही त्यातच बुडतो.

हल्ली मिळणाऱ्या १.५ व्होल्टच्या लिथियम-आयन रिचार्जेबल सेलबद्दल वेगळं सांगायला हवं. हे बाहेरून साधे पेन्सिल सेल दिसतात, पण पोटात एक छोटं सर्किट असतं. ते शेवटपर्यंत जवळजवळ स्थिर १.५ व्होल्ट देतं आणि आतली बॅटरी रिकामी झाली की एकदम तोडतं. काही कंपन्यांनी शेवटी व्होल्टेज थोडं उतरवण्याची सोय केलेली असते, पण सगळ्यांत ती नसते. सेन्सरला काल १.५ दिसलं, म्हणजे १०० टक्के. आज शून्य. तुमचा १०० टक्के दाखवत मेलेला सेन्सर ट्रिपल एवाला असेल आणि त्यात असे सेल असतील, तर उत्तर इथेच संपलं. दाराच्या लॉकमध्ये हे सेल अजिबात घालू नका, कारण पूर्वसूचना नावाची गोष्टच राहत नाही.

बंद पडलेल्या सेन्सरमध्ये बटण सेल असेल तर कारण दुसरं, आणि तेच जास्त वेळा आढळतं. सीआर२०३२ चं व्होल्टेज बहुतेक आयुष्यभर २.९ ते ३ व्होल्टच्या पट्ट्यात असतं. बदलत जातो तो त्याचा अंतर्गत रोध, म्हणजे सेलच्या आतूनच विजेला होणारा अडथळा. ताज्या सेलचा दहा-वीस ओहम असतो, सेल संपत आला की तो वाढत जाऊन शंभराच्या घरात पोचतो. सेन्सर झोपलेला असताना काही मायक्रोअँपिअर घेतो, तेव्हा या रोधाने फरक पडत नाही. पण रेडिओवर संदेश पाठवताना क्षणभर १५ मिलिअँपिअर लागले असं धरा. २० ओहमवर घट होते ०.३ व्होल्ट, म्हणजे २.९ चे २.६. काही बिघडत नाही. ८० ओहमवर घट होते १.२ व्होल्ट, म्हणजे २.९ चे १.७. बहुतेक रेडिओ चिपना किमान १.८ ते २ व्होल्ट लागतात, त्यामुळे चिप तिथेच रिसेट होते. पुन्हा जागी झाली की नेटवर्क शोधायला आणखी जास्त वेळ रेडिओ चालवते, पुन्हा कोसळते, आणि या फेऱ्यांत सेलमधलं उरलंसुरलंही संपतं. त्या सेन्सरने व्होल्टेज मोजलं होतं निवांत असताना, २.९. म्हणून शेवटचा निरोप '१०० टक्के'.

० टक्के दाखवूनही चालणाऱ्या सेन्सरचं कोडं सोपं आहे. टक्क्याचा शून्य म्हणजे सेलचा शून्य नव्हे, कोणीतरी ठरवलेली खालची रेघ. झिगबीची उपकरणं होम असिस्टंटला जोडून देणारं झिगबी-टू-एमक्यूटीटी हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्यात अकारा कंपनीच्या बऱ्याच सेन्सरसाठी २८५० मिलिव्होल्ट म्हणजे ० टक्के आणि ३००० म्हणजे १०० टक्के असा पट्टा धरलेला आहे. अवघ्या दीडशे मिलिव्होल्टचा. २.८५ वर टक्के संपतात, पण सेन्सर त्याखालीही चालत राहतो. टक्क्यांऐवजी त्याचं व्होल्टेज बघा, बहुतेक वेळा ते शेजारीच असतं.

आणखी एक गंमत यात मिसळते. झिगबीच्या नियमानुसार उरलेली बॅटरी अर्ध्या टक्क्याच्या मापात पाठवायची असते, म्हणजे १०० टक्क्यांसाठी २००. काही स्वस्त सेन्सर सरळ १०० पाठवतात आणि पडद्यावर ५० टक्के दिसतं. नवा कोरा सेल घालूनही आकडा ५० च्या वर सरकत नसेल तर सेलवाल्याला दोष देऊ नका.

मल्टिमीटर लावून सेल तपासताना लोक जी चूक करतात ती सेन्सरच्याच जातीची आहे. मीटरचा स्वतःचा रोध साधारण १० मेगाओहम असतो. त्यावर अर्धमेला सेलही छान आकडा दाखवतो. सेलवर ओझं टाकून मोजा. डबल ए किंवा ट्रिपल एसाठी १० ओहम, अर्ध्या वॉटचा रेझिस्टर सेलच्या दोन टोकांना लावा आणि दोन-तीन सेकंदांत आकडा वाचा. ताजा अल्कलाइन १.४ च्या वर टिकतो. १.२ च्या खाली गेला तर त्याला घड्याळात किंवा टीव्हीच्या रिमोटमध्ये पेन्शनीवर पाठवा, १.० च्या खाली गेला तर काढून टाका. सीआर२०३२ साठी २२० ओहम पुरे, पण दोन सेकंदांपेक्षा जास्त नको, कारण हा सेल एवढासाच, सव्वादोनशे मिलिअँपिअर-तासांचा. २.८ च्या वर राहिला तर उत्तम. २.६ च्या खाली घसरला तर रेडिओच्या कामासाठी त्याच्यावर भरवसा ठेवू नका, मग ओझ्याशिवाय ३ व्होल्ट का दाखवेना. इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांच्या दुकानात हे दोन्ही रेझिस्टर चिल्लर पैशांत मिळतात.

सेल बदलला तरी इशारा जात नाही, ही नेहमीची पुढची तक्रार. क्रमाने बघा. नव्या बटण सेलवर किंवा बॅटरीच्या कप्प्यात पारदर्शक पट्टी राहिलेली नाही ना. मुलांनी सेल गिळू नये म्हणून काही बटण सेलना कडू लेप देतात, तो नेमका संपर्काच्या जागी आला तर आडवा येतो. एअरटॅगमध्ये, म्हणजे हरवलेली वस्तू शोधायच्या ॲपलच्या बिल्ल्यात, असे सेल कदाचित चालणार नाहीत असं खुद्द ॲपलने सांगितलंय. मग उपकरण खरोखर बंद झालं होतं का ते बघा. आतल्या कपॅसिटरमध्ये उरलेल्या चार्जवर सेन्सर काही सेकंद जागाच राहतो आणि सेल बदलल्याचं त्याच्या गावीही नसतं. सेल काढल्यावर बटण दहा सेकंद दाबून धरा, अर्धा मिनिट थांबा, मग नवा घाला. एवढं करूनही पडद्यावर जुनाच आकडा असेल तर वाट बघा: बॅटरीचा आकडा काही सेन्सर तासाभराने पाठवतात, काही चार-सहा तासांनी. एकदा बटण दाबलं किंवा दार उघड-बंद केलं तर पुष्कळदा लगेच येतो.

यातलं काहीच नसेल तर स्प्रिंगकडे बघा. मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट हवेत हे कारण बरंच वर येतं. लॉकची मोटर फिरताना अर्धा अँपिअर घेत असेल आणि गंजलेल्या स्प्रिंगचा रोध एक ओहम झाला असेल, तर अर्धा व्होल्ट तिथेच गेला. नवे सेल घालूनही लॉक रडतं ते यामुळे. अल्कलाइन सेल गळला असेल तर पांढरी भुकटी दिसते. ती अल्कधर्मी असते, तेव्हा कानकाडीला व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून पुसा. झिंक-कार्बनची गळती आम्लधर्मी असते, तिथे खाण्याचा सोडा पाण्यात कालवून लावा. दोन्हींनंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या. हातमोजे घाला आणि डोळे जपा. सँडपेपर खसाखसा घासू नका, वरचा निकेलचा थर जातो आणि पुढच्या पावसाळ्यात स्प्रिंग पुरती गंजते. साधं खोडरबर पुरतं.

आता अलर्ट. होम असिस्टंटमध्ये लोक सहसा 'बॅटरी २० टक्क्यांखाली गेली की निरोप दे' असा ट्रिगर लावून मोकळे होतात. यात दोन भोकं आहेत. आकड्याचा ट्रिगर मर्यादा ओलांडण्याच्या क्षणीच पेटतो. तो निरोप तुम्ही झोपेत सरकवून टाकलात तर पुन्हा येत नाही. आणि १०० टक्क्यांवरून थेट गप्प झालेला सेन्सर २० ची रेघ कधी ओलांडतच नाही. त्याऐवजी वेळेचा ट्रिगर लावा. रोज संध्याकाळी सात वाजता सगळ्या बॅटऱ्या तपासायच्या आणि लक्ष द्यायला हवं अशांची यादी एकाच निरोपात पाठवायची. सात अशासाठी, की दुकानं उघडी असतात. पहाटे आलेल्या इशाऱ्याचा सेल आणायला काही उपयोग नाही.

यादीत जाण्याचे नियम टक्क्यांऐवजी व्होल्टेजवर ठेवा. दोन अल्कलाइनच्या सेन्सरला २.४ व्होल्टवर सूचना आणि २.२ वर बदल. दोन निकेल-मेटल हायड्राइड असतील तर २.३ वर लगेच चार्जिंगला, कारण त्यानंतर उतार तीव्र असतो. सीआर२०३२ ला २.८ वर नवा सेल आणून ठेवा, २.६ वर बदला. एका मोजणीवर निर्णय घेऊ नका. संदेश पाठवल्यावर व्होल्टेज पडतं आणि विश्रांतीनंतर सावरतं, म्हणून इशारा येतो-जातो-येतो. सलग तीन मोजण्या खाली आल्या तरच यादीत घ्या, आणि किमान ०.१ व्होल्ट वर गेल्याशिवाय यादीतून काढू नका.

व्होल्टेजपेक्षाही महत्त्वाचा नियम मौनाचा. सपाट उताराच्या सेलबाबत, म्हणजे बटण सेल, लिथियम आणि सर्किटवाले रिचार्जेबल यांच्यासाठी, 'हा शेवटचा कधी बोलला' हाच खरा इशारा. झिगबी-टू-एमक्यूटीटीमध्ये 'लास्ट सीन' आणि 'अव्हेलेबिलिटी' मुळात बंद असतात, दोन्ही चालू करा. बॅटरीवरचं उपकरण किती वेळ गप्प राहिलं की बंद धरायचं, याची तिथली मूळ मुदत २५ तासांची आहे. होम असिस्टंटची स्वतःची झिगबी जोडणी, म्हणजे झेडएचए, वापरत असाल तर ती ६ तास असते. मुदत उलटली की नाव यादीत. रोज वापरातल्या दाराचा सेन्सर दिवसभर गप्प असेल तर टक्के काहीही असोत, जाऊन बघा. सेल ठीक निघाला तर निरोप पुढे पोचवणारा मधला झिगबीचा प्लग कोणीतरी बंद केलेला असतो. तेही कळलेलं बरंच.

स्वतः ईएसपी३२ या वायफाय असलेल्या चिपवर काही बनवत असाल तर दोनच गोष्टी लक्षात ठेवा. सेलचं व्होल्टेज, ते स्थिर करणाऱ्या रेग्युलेटरच्या आधी मोजा, नंतर मोजलंत तर शेवटपर्यंत ३.३ च दिसेल. आणि इशारा पाठवायला ऊर्जा शिल्लक असताना पाठवा. वायफाय सुरू होताना क्षणभर तीनशे मिलिअँपिअरच्या वर लागतात, म्हणून १८६५० या रिचार्जेबल लिथियम-आयन सेलला ३.५ वर सूचना आणि ३.२ वर निरोप देऊन गाढ झोप ही मर्यादा ठीक.

लॉकचा इशारा आल्यावर किती दिवस हाताशी आहेत हे सेलवर अवलंबून. अल्कलाइनवर लॉक पहिल्या इशाऱ्यानंतरही बऱ्याच वेळा उघडतं, पण त्या भरवशावर राहू नका. चारही सेल एकदम, एकाच पाकिटातले बदला. तीन नवे आणि एक जुना घातला तर एकूण व्होल्टेज ५.७ दिसून इशारा गप्प बसतो, आणि तो दुबळा सेल उलटा चार्ज होऊन गळतो. नव्या सेलवर मार्करने तारीख लिहा.

बाहेर अडकलातच, तर लॉकच्या खालच्या बाजूला दोन धातूचे ठिपके असतात, तिथे ९ व्होल्टची बॅटरी टेकवून धरायची आणि धरलेली असतानाच कोड टाकायचा. ही बॅटरी अल्कलाइन घ्या, स्वस्त झिंक-कार्बन मोटरच्या ओझ्याखाली बसते. नव्या लॉकना यूएसबी-सी असतं, तिथे पॉवर बँक चालते. पण दोन्ही टोकांना सी असलेल्या केबलवर काही लॉक वीजच घेत नाहीत, तेव्हा पॉवर बँकेच्या चौकोनी, जुन्या ए पोर्टमधून निघणारी केबल वापरा. पॉवर बँक मध्येच झोपली तर तिचं बटण पुन्हा दाबा. लॉकसोबतची साधी किल्ली शेजाऱ्यांकडे किंवा ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवा. ती घरातल्या कपाटात सापडण्याचं प्रमाण थक्क करणारं आहे.

ज्यांना इशाराच नाही अशी उपकरणं लक्षणांवरून ओळखायची. वायरलेस बेलच्या बटणात बहुधा १२ व्होल्टचा छोटा ए२३ सेल असतो. तो उतरला की पल्ला आखडतो: बटण हातात घेऊन हॉलमध्ये दाबलं तर वाजते, दाराबाहेरून वाजत नाही. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंद काटा नऊच्या आसपास जागच्या जागी थरथरतो, कारण काटा वर चढवायला तिथेच सर्वांत जास्त जोर लागतो. गॅस गिझरमध्ये दोन मोठे सेल असतात. टिकटिक मंदावली किंवा ज्योत पेटून लगेच विझली की आधी ते बदला, मग मेकॅनिकला फोन करा. आणि सेल हवेत म्हणून हाताला येईल तो घेऊ नका. डबल एच्या आकाराचे ३.६ व्होल्टचे लिथियम सेलही बाजारात असतात. ते पाण्याच्या मीटरसारख्या कामांसाठी आहेत, १.५ व्होल्टच्या रिमोटमध्ये गेले तर रिमोट जातो.

अमेरिकेत, युरोपात राहणाऱ्यांच्या छतावरच्या धूरसूचकाचं तुणतुणं वेगळ्या जातीचं. दर अर्ध्या-एक मिनिटाने एक टुक, आणि तेही नेमकं पहाटे सुरू होतं. पहाटे घर थंड होतं, थंडीत सेलचा अंतर्गत रोध वाढतो, आणि काठावर असलेलं व्होल्टेज रेघेखाली जातं. सकाळी घर तापलं की आवाज थांबतो आणि माणूस विसरतो. त्याच दिवशी बदला. युरोपीय मानक ईएन १४६०४ प्रमाणे हा इशारा किमान ३० दिवस वाजत राहायला हवा, पण प्रवासाला गेलात तर ते ३० दिवस रिकाम्या घरात जातात. बदलताना सेल काढून चाचणीचं बटण १५ सेकंद दाबून धरा, नाहीतर जुना इशारा अडकून राहतो. नवा सेल घालूनही टुक थांबत नसेल तर सूचक उतरवून मागची तारीख वाचा. दहा वर्षं झाली असतील तर तो सेल मागत नाहीये, निवृत्ती मागतोय. अख्खा सूचक बदला.

काढलेल्या बटण सेलच्या आणि ९ व्होल्ट बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावून मगच डब्यात टाका आणि ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या. डबा मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी हवा. सेन्सरसाठी संपलेल्या सीआर२०३२ मध्ये अन्ननलिका भाजण्याइतकी वीज शिल्लक असते, आणि ते भाजणं दोन तासांत गंभीर होतं. मुलाने गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नका, थेट रुग्णालयात जाऊन एक्स-रे काढायला सांगा, आणि सेलचं पाकीट सोबत न्या, म्हणजे डॉक्टरांना आकार आणि प्रकार लगेच कळतो.